सुतकात उघडलेलं तुडुम

नलू, सुतकात मी पाण्यात उतरलो. तुझ्याच सुतकात. अजून दहावा व्हायचा आहे, दाढी वाढलेली आहे, आणि भेटायला येणारे तुझ्याबद्दल दोन शब्द बोलून झाले की हळूच तोच विषय काढतात. "मधूभाऊ, तुमी पानी सोडाले तलावाचं तुडुम उघडलं म्हने?" मी हो म्हणतो. मग ते चहाच्या कपात बघत बसतात. मला ओसरीवर एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात जातो, तलावाकडे पाहून परत येतो. तुझी वहिनी रत्ना दोनदा ओरडली, "बसा ना एका ठिकानी, पिंजऱ्यातल्या जनावरावानी का करून राहिले?" आता हे लिहायला बसलोय ते तरी सलग होईल का, देव जाणे.

येणाऱ्यांतले काही जण विचारतात, बहीण नोकरी काय करायची? मी सांगतो, गोदावरी समुद्राला मिळते तिथे समुद्राचं पाणी गाळायची. त्यांच्या चेहऱ्यावर पुढचा प्रश्न दिसतो, गाळून काय करायची? आणि मला नेमकं सांगता येत नाही म्हणून माझंच डोकं फिरतं. लाखनीच्या बाजारात इतकी वर्षं मी छाती फुगवून सांगत फिरलो की माझी बहीण जहाजावर जाते. घरी आलीस की तुला म्हणायचो, "गाळलेलं पानी पुन्हा समुद्रातच टाकते ना तू? मग पगार कायचा?" तू हसायचीस. बाजारातलं माझं बोलणं तुझ्या कानावर कधी आलं की नाही, ठाऊक नाही. माझ्या तोंडून तर तू ते कधीच ऐकलं नाहीस.

आता झालं काय ते नीट सांगतो, कारण तुला अर्धवट सांगितलेलं चालायचं नाही.

आपल्यात घरी मौत झाली की जाळं भिजवायचं नाही, डोंगा हलवायचा नाही. एका घरापुरतं असतं तर ठीक होतं. पण आपली अख्खी वस्ती, हा ढिवरटोला, एकाच भावकीची, त्यामुळे एक माणूस गेलं की सगळा तलाव दहा दिवस ओस पडतो. त्यात तू लग्न केलं नाहीस. लग्न झालेली असतीस तर माहेराला तीनच दिवसांचं सुतक लागलं असतं आणि पुढचं सगळं टळलं असतं. तू जिवंत असतीस तर हे मी तुला ऐकवलंच असतं आणि तू म्हणाली असतीस, "हो ना भाऊ, माशायसाठी तरी करून घ्याले पायजे होतं."

पावसाने दडी मारलेली होती. ऊन नाही, वारा नाही, नुसतं ढगाळ. रोवण्या आटोपून लोकांनी धानाला युरिया टाकला होता आणि दडी मारण्याआधीच्या शेवटच्या सरीने तो धुऊन वरच्या नाल्यातून आपल्या तलावात आणून सोडला होता. तुझी खाट होती त्या खिडकीतून पाहिलं तर पाणी हिरवंगार. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात ना, तसला हिरवा. दोन दिवस मी तिकडे लक्ष दिलं नाही. लक्ष देण्यासारखी माझी स्थितीच नव्हती. मग एका पहाटे भावकीतले थोरले सोमाकाका तलावाच्या पाळीवरून आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "मधू, मासे वर येऊन राहिले."

गेलो. पाळीवर सगळा टोला जमला होता. तलावभर तोंडंच तोंडं. रोहू, कटला, मिरगल, सगळे पाण्याच्या वर तोंड काढून हवा पीत होते. पाण्यात असून त्यांचा जीव घुसमटत होता. एरवी असं झालं तर आपण चार डोंगे फिरवतो, बांबूंनी पाणी झोडपतो, पाणी ढवळलं की त्यात हवा मिसळते. पण डोंगे पाळीवर पालथे घातलेले होते आणि माणसं हाताची घडी घालून उभी होती. या तलावावर आपल्या सगळ्या घरांचं वर्ष चालतं, नलू, हे तुला सांगायला नको. उन्हाळ्यात बोटुकली, माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडली तेव्हापासून प्रत्येकाने दिवाळीनंतरच्या मासेमारीवर डोळा ठेवलेला. आणि मरत होते ते डोळ्यांदेखत.

मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की काय सांगू. गेलीस ती गेलीस, पण जायची वेळ तरी पाहायचीस.

तू मला पहिल्यांदा समुद्रावर नेलंस ते आठवतं? पावसाळा सरत आला होता. मी रात्रभर रेल्वेत बसून आलेलो, आणि बोटीत चढलो तर किनाऱ्याजवळचं पाणी आपल्या पुराच्या वैनगंगेसारखंच गढूळ. मी म्हणालो, "एवढ्यासाठी आनलं का मले? असं पानी तर मी घरीच पायतो." तू म्हणालीस, "थांब ना जरा." बोट पुढे गेली आणि पाण्याचा रंग पालटला. गढूळ संपलं, हिरवं लागलं, आणि पार पलीकडे निळी रेघ दिसायला लागली. हिरव्या पट्ट्यात मासेमारीच्या बोटींची ही गर्दी. तू वरवरचं पाणी भांड्यात काढून माझ्या जिभेला लावलंस, ते जवळजवळ गोडच होतं. मग दोरीला बांधलेली बाटली खोल सोडून खालचं पाणी काढलंस, ते तोंडात धरवेना इतकं खारट. नदीचं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं पसरून राहतं, असं तू सांगितलंस.

"मग मासे इथंच काहून जमले?" मी विचारलं. माझ्या धंद्याचा प्रश्न होता.

तू म्हणालीस की नदी रानातलं, शेतातलं, डोंगरातलं खत घेऊन येते. पण तोंडापाशी गाळ इतका असतो की पाण्यात उजेड शिरत नाही. ताट वाढलेलं आहे, पण जेवणारा अंधारात कसा जेवेल? थोडं पुढे गाळ खाली बसतो, उजेड आत जातो, आणि मग प्लवंग वाढतं. पाण्यावर तरंगणारे हे बारीक जीव, वनस्पतीही आणि प्राणीही. वनस्पतींना प्राणी खातात, त्यांना लहान मासे, लहानांना मोठे. प्रयोगशाळेत त्या सूक्ष्मदर्शकातून तू मला ते दाखवलंस. काचेच्या डब्या असाव्यात तशा वनस्पती, चौकोनी, गोल, नावेच्या आकाराच्या. त्यांचं कवच खरंच काचेच्या जातीचं असतं, आणि त्याचा माल नदी खडक झिजवून झिजवून आणते, हे ऐकून मी बराच वेळ त्या भिंगावरून डोळा काढला नाही. मग विचारलं, "याच्यात आपल्या वैनगंगेचं पानी ओळखू येते का तुले?"

"पानी नाई ओळखू येत, भाऊ. पन त्यानं आनलेलं जेवन दिसते."

परत येताना मी बोटीवर ओकलो आणि तू पाठीवरून हात फिरवत खदाखदा हसलीस. ढिवराला पाणी लागलं, हे तू आल्या-गेल्याला सांगितलंस. रत्नाला तर अजून सांगत होतीस, शेवटच्या आठवड्यातही.

तुझ्या त्या अंधारातल्या ताटावरूनच आपलं भांडण सुरू झालं. तू आजारी होऊन घरी आलीस आणि खाटेवर पडल्या पडल्या तलावाची चौकशी करायला लागलीस. आपल्याकडे रिवाज आहे, पावसाच्या तोंडावर नाल्याच्या मुखाशी शेणाचे ढीग घालायचे. पाणी आलं की शेण आत उतरतं, पाणी हिरवं होतं, बोटुकलीला खायला मिळतं. माझ्या बापाने घातलं, त्याच्या बापाने घातलं. हात कोपरापर्यंत बुडवला आणि तळवा दिसेनासा झाला की पाणी पिकलं म्हणायचं. तू म्हणालीस, रिवाज बरोबरच होता, पण तेव्हा वरच्या धानाच्या बांध्यांतून नुसतं पाणी यायचं. आता युरिया येतो, डीएपी येतं. "जेवून उठलेल्याले तुमी पुन्हा पाटावर बसवून राहिले, भाऊ."

मी चिडलो. म्हणालो, तुझ्या समुद्रातलं तू बघ. तेव्हा तू सांगितलंस की समुद्रातही हेच होतं. जेवण जास्त झालं की प्लवंग बेसुमार वाढतं, मग मरतं, तळाशी जातं, सडतं, आणि सडताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं. "समुद्रातल्या माशाले पळाले जागा आहे. तलावातला कुठं पळल?" मी मच्छीमार संस्थेच्या बैठकीत तुझं म्हणणं मांडलं, अगदी इमानाने मांडलं. सोमाकाका म्हणाले, पोरीचं डोकं चालते, पन बिनाशेनाचा तलाव म्हनजे बिनामिठाची भाजी. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि शेण पडलं. अति तेथे माती हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. ती म्हण दुसऱ्याच्या ताटाला लावायची सवय, एवढंच.

पण आपलं खरं भांडण वेगळंच होतं, आणि ते अर्धंच राहिलं. तुझ्या शेवटच्या संध्याकाळी मी म्हणालो, फार हिरवं झालं तर होऊ दे, तुडुम उघडून देतो, तळातलं घाण पाणी निघून जाईल. तू उशीवरून मान वळवलीस. "जाईल कुठं?" नाल्यात, मी म्हणालो. "मग?" नदीत. "मग?" मी म्हटलं, मग तुझ्या समुद्रात, खूश? आपल्या एवढ्याशा तळ्यानं समुद्राचं काय बिघडतं? तू म्हणालीस, "सगळ्यायचं तळं एवढुसंच असते, भाऊ." मी काहीतरी खरमरीत बोलणार होतो. तेवढ्यात तुला खोकला आला, रत्नाने मला खोलीबाहेर काढलं, आणि दारातून तू बोट वर करून म्हणालीस, "उद्या बोलू. माहं संपलं नाई." ते बोट अजून तसंच वर आहे माझ्या डोळ्यांपुढे.

राख वैनगंगेत सोडली तेव्हा गुरुजी म्हणाले, गंगेला मिळाली, समुद्राला मिळेल. मी मान डोलावली आणि मनात खळबळ सुरू झाली. कारण तूच सांगितलं होतंस की धरण झालं की पाणी थांबतं आणि त्याच्याबरोबर गाळही थांबतो, काचेच्या डब्यांचा मालही थांबतो, म्हणून समुद्रातल्या प्लवंगाची जात बदलते. मग आता तू कुठे आहेस? खालच्या धरणाच्या फुगवट्यात जलपर्णीखाली अडकून बसलीस की दरवाजांतून निघालीस? असले विचार सुतकात करू नयेत म्हणे. मला दुसरे येतच नव्हते. तुझ्याशिवाय हे विचारायचं तरी कोणाला?

तर त्या पहाटे पाळीवर मी म्हणालो, तुडुम उघडतो. तलावाच्या पोटात उभं असलेलं ते दगडी बांधकाम, पाण्याखाली भोकं, भोकांना लाकडी बुचं. बुडी मारून हाताने चाचपून बूच काढायचं हे काम आपल्याच घराकडे चालत आलेलं. दुसरा कोणी उतरत नाही, आणि खालचं बूच कुठे आहे ते माझ्या हाताशिवाय कोणाला सापडतही नाही. सोमाकाका मला आडवे आले. "सुतकात तुडुम? तुह्या बापानं केलं असतं का हे?" मी म्हणालो, बापाच्या वेळी युरिया होता का? त्यांच्या वयाला शोभेल असं मी बोललो नाही, तेवढं तू समजून घे.

पण पाय उचलला आणि जागीच थिजलो. तुझं ते "जाईल कुठं?" कानात. सगळ्या टोल्यासमोर उभा राहून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. मासे मरताहेत, नलू, आता तरी गप्प बस. तू गप्प बसेनास. मग माझं लक्ष पाळीच्या खाली गेलं. तुलाराम शेतकऱ्याच्या बांध्या. पावसाने ओढ दिल्यामुळे धानाच्या मुळाशी चिखलाला भेगा पडायला लागलेल्या. तुडुमाचा पाट त्याच्याच शेतावरून जातो आणि मग नाल्याला लागतो. त्याने बांध फोडून पाणी आत घेतलं आणि नाल्याकडचं तोंड बंद केलं तर? ज्या युरियाने मासे मरताहेत त्यातला बराचसा त्याच्याच नाल्यावरच्या बांध्यांतून आलेला. त्याचं त्याला परत.

धावतच गेलो. तुलाराम दात घासत होता. त्याने पहिलं हेच विचारलं, "तुमचं सडलं पानी माह्या धानात?" मी म्हणालो, सडलेलं नाही, खताचं आहे, आणि खत तुझंच आहे. तो म्हणाला, असेल, पण सुतकी हातानं सोडलेलं पाणी पिकाला घेत नाहीत. बघ, इकडे आपला सोमाकाका आणि तिकडे हा. एरवी पाण्यावरून आमचं एका शब्दावर एकमत होत नाही आणि नेमकं यावर झालं. मी बांधावरच बसलो. त्याने आभाळाकडे पाहिलं, मग भेगांकडे. चूळ भरून तो म्हणाला, "सुतक तुले आहे, मधूभाऊ. पान्याले नाई." गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्या सकाळी तरी गरजेनेच अक्कल आणली. तो फावडं घेऊन निघाला.

मी उतरलो. खालचं पाणी थंड आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास. डोळे उघडून उपयोग नव्हता, हिरव्यापलीकडे दिसत काहीच नाही. पहिल्या बुडीत बूच मिळालं नाही. दुसऱ्या बुडीत हात लागला पण ते फुगून घट्ट बसलेलं. वर येऊन श्वास घेतला तर शेजारीच एक कटलाही माझ्यासारखाच तोंड वासून श्वास घेत होता. तिसऱ्यांदा गेलो आणि खाली, त्या अंधारात, बुचाला लोंबकळत मी रडलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. वर लोक असतात, थोरल्याने रडायचं नसतं, विधी विचारायला माणसं येतात. तिथे कोणी नव्हतं. बूच निघालं आणि पाण्याने माझा हात भोकाकडे ओढला, तो सोडवून घेताना कातडं सोललं.

बाहेर आलो तर पाटातून हिरवं पाणी खळाळत निघालेलं, आणि तुलाराम एकेक बांधी फोडत पुढे. शेवटच्या बांधीला, नाल्याकडच्या तोंडाशी, त्याने चिखलाची ढेकळं टाकून पायाने दाबली. नाल्यात थेंब गेला नाही. हे मी स्वतः जाऊन पाहिलं, ओल्या धोतराने. सोमाकाका पाळीवरून सगळं बघत होते. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. पण माझी पाठ वळल्यावर त्यांनीच आवाज दिला म्हणे, "आता बाटलंच आहे तर उभे काहून? काढा डोंगे!" मी वळून पाहिलं तेव्हा चार डोंगे पाण्यात होते आणि बांबू दणादण आपटत होते.

सगळे मासे वाचले नाहीत. मोठे कटले बरेच गेले, काठाला पांढरी पोटं लागली, ती पुरताना पोरीबाळी नाक दाबून होत्या. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, वारा सुटला, आणि पहाटे तोंडं वर आली नाहीत. दिवाळीनंतर जाळं टाकता येईल एवढं नक्की उरलं आहे. पाणी अजून हिरवं आहे. कितपत हिरवं म्हणजे बरं, हे मला अजूनही हाताच्या मापानेच कळतं.

काल संध्याकाळी तुलाराम आणि मी त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे होतो. धानाने रंग धरला होता. त्याच्याकडे युरियाची दुसरी खेप आणून ठेवलेली आहे. फावड्याला टेकून त्याने विचारलं, "मधूभाऊ, आता हे पानी घेतलं. तर मंग पुढचा युरिया टाकू का नको? टाकला तर केवढा?"

हा प्रश्न तुझा होता. आणि मी काय केलं सांगू? वळलो, घराच्या मागच्या खिडकीकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक मारली, "नलूऽऽ!"

हाक तलावावरून गेली. खिडकीत रत्ना आली, तिने पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तुलारामने माझ्याकडे बघितलं नाही. फावडं खांद्यावर टाकलं, दोन पावलं चालून थांबला आणि म्हणाला, "राहू दे. यंदा नाई टाकत."